नवापूरचें बाक

जळगांवाहून सुरतेस जाणाऱ्या लोहमार्गावर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार हीं स्थानकें मागें पडलीं म्हणजे नवापूर येतें. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले, त्यांची सीमा या स्थानकांतूनच गेली आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रांत, तर स्टेशनमास्तरांची कचेरी गुजराथेंत! तेथील एका बाकाचें एक अंग महाराष्ट्राचें व दुसरें गुजराथचें आहे.

गेल्या पौषांत मी त्या बाकावर क्षणभर टेकलों, तो चिंतातुर मनानें. जर्मनींत असलेल्या पुतण्यानें मोठ्या प्रेमानें मला तिकडील कर्णयंत्र पाठविलें होतें. तें आठ महिन्यांतच बंद पडलें. "गुरुजी, यंत्र आमच्याच कंपनीचें खरें, पण त्याची हमी त्या देशापुरतीच," असें सांगून जळगांव व धुळें येथील दुकानदारांनीं तें परत केलें. म्हणून सुरतेची वाट धरली होती. नवापुरास हिंदी, इंग्रजी, मराठी व गुजराथी अशा चार भाषांत घोषणा होतात; मला एकही ऐकूं आली नाहीं.

बसणाऱ्यास सीमा जाणवत नाहीं, मालास मात्र जाणवते. गुजराथेंत दारूबंदी असल्यामुळें एका टोकास विहित असलेली बाटली दुसऱ्या टोकास गुन्हा ठरते. उलटपक्षीं, १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर पंखा नवापुरास घेतला काय, सुरतेस घेतला काय, कर सारखाच.

युरोपीय संघानेंही ३ डिसेंबर २०१८ पासून असा नियम अमलांत आणिला कीं, गिऱ्हाईक जर्मनींत राहतें एवढ्याच कारणानें फ्रान्समधील दुकानदारानें त्यास विद्युत्-उपकरण विकण्याचें नाकारूं नये. मात्र सीमेपलीकडे माल पोंचविण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं; गिऱ्हाइकानें स्वतः जाऊन आणावा!

उंबरठ्यावरील दिवा दोन्ही खोल्यांस प्रकाश देतो, यास देहलीदीपन्याय म्हणतात. व्यापाऱ्याची वस्तु उंबरठा ओलांडते, पण हमीचा दिवा पुष्कळदां एकाच खोलींत जळतो.

सुरतेसही तेंच उत्तर मिळालें. अखेर फाल्गुनांत पुतण्या आला, तो यंत्र परत घेऊन गेला. तें येईपर्यंत धाकट्या नातीचें बोलणें मी तिच्या ओठांवरून ओळखीत आहें. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं, वस्तूची किंमत विचारण्यापूर्वीं, ती बिघडल्यास आपल्या गांवीं कोण उघडून पाहील, एवढें अवश्य विचारावें.