मूलद्रव्यांचे नाटक

अणुक्रमांक, अणुभार आणि संयुजा यांची जी कैफियत क्रमिक पुस्तकांच्या दप्तरात नोंदली गेली आहे, ती तोंडपाठ करूनही सोडियम नामक गृहस्थाची बालकाशी ओळख होत नाही. कारण स्वभाव एकांतात प्रकट होत नसून समोर दुसरे कोणी उभे ठाकल्यावरच तो उघडा पडतो, हे नाटककाराला जसे ठाऊक असते तसे पुस्तककर्त्याला क्वचितच असते. म्हणून मुलांनी मूलद्रव्यांचे नाटकच बसवावे, अशी माझी शिफारस आहे.

१८०७ साली हम्फ्री डेव्हीने विद्युत्प्रवाहाच्या बळावर बंधमुक्त केलेला सोडियम रुपेरी अंगरखा घालून येतो. सुरीने कापता यावा इतका मऊ, पण हवापाण्याशी त्याचे क्षणभर पटत नाही म्हणून रॉकेलच्या बाटलीत नजरकैदेत ठेवलेला. दुसऱ्या विंगेतून पिवळट हिरव्या वस्त्रातला क्लोरीन येतो, ज्याने पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलात, ईप्रच्या खंदकांतील सैनिकांचे प्राण कंठाशी आणले. एकाजवळ एक इलेक्ट्रॉन जादा, दुसऱ्याजवळ एकाची वाण. देवघेव होते, ज्वाला भडकते, आणि या दोन दांडग्यांच्या तहातून निपजते ते पानात सर्वांआधी वाढले जाणारे मीठ!

सोडियमला ना इच्छा ना संताप, सारा मामला ऊर्जेच्या हिशेबाचा, असा काटेकोर शास्त्रज्ञांचा आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे. मात्र रावणाचे सोंग घेतलेला मुलगा पडदा पडल्यावर रावण राहत नाही, हे मुलांना आपल्याहून अधिक चांगले कळते. हिशेब नंतर फळ्यावर मांडावा.

मला स्वतःला मोह पडतो तो मुक्या पात्रांचा, म्हणजे कोणाशी सहसा संयोग न पावणाऱ्या निष्क्रिय वायूंचा. हवेत जवळजवळ शेकडा एक या प्रमाणात असूनही, म्हणजे आपल्या प्रत्येक श्वासात हजेरी लावूनही, आर्गॉन १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झे यांनी हुडकून काढीपर्यंत कोणाच्याच खिजगणतीत नव्हता. त्याला पहिल्या अंकापासून रंगमंचावर निमूट उभा करावा. त्याचा भाऊबंद झेनॉन मात्र १९६२ साली नील बार्टलेटच्या प्रयोगशाळेत संयुगात शिरला आणि या घराण्याच्या अलिप्ततेचा दाखला रद्द झाला. तेव्हा झेनॉनची भूमिका वर्गातल्या अबोल मुलाला द्यावी, आणि शेवटच्या अंकात त्याच्या शेजारी फ्लोरीनचे सोंग घेतलेले सर्वांत भांडखोर पोर आणून उभे करावे.