निळ्या डागांचा शर्ट



मागच्या रविवारी बाजारात दोन तास जुन्या कपड्यांचे ढीग उपसत बसलो होतो. ओळखीचे दोघं-तिघं बघून गेले. एकानं तर विचारलंच, "काय तात्या, डाळिंबाचा भाव एवढा पडला का?" मी नुसता हसलो. घ्यायला नव्हतो गेलो, शोधायला गेलो होतो. ते पुढं सांगतो.

आधी या बाजाराचं सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं तिथं फक्त गरीबच जातात. मी गेली पंधरा-वीस वर्षं जातोय. भाजीची ओळ संपली की ताडपत्र्या अंथरलेल्या असतात, शर्टाचा ढीग वेगळा, पँटींचा वेगळा. "पन्नास पन्नास, कुठलाबी उचला पन्नास!" हिवाळा तोंडावर आला की स्वेटर आणि जर्किनं येतात, ती शंभर-दीडशेला.

आमच्या बागेत कामाला येणाऱ्या सगळ्या बायका साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात. शहरातल्या पाहुण्यांना ते बघून हसू येतं. पण डाळिंबाचा काटा हसत नाही. छाटणीला अर्ध्या बाहीनं उतरा, संध्याकाळी हात मांजरानं ओरबाडल्यासारखे दिसतात. ऊस तोडणाऱ्यांचं तेच, पाचट ब्लेडसारखं कापतं. नवीन शर्ट घेऊन काट्यात कोण फाडणार? म्हणून हा ढीग.

घेताना मी काय बघतो ते सांगतो, कामाला येईल. कॉलरकडं बघू नका, ती झिजलेलीच असते. काखेतली शिवण बघा आणि कोपर बघा. कोपरावरचं कापड दोन्ही हातांनी ताणून उन्हाकडं धरायचं. जाळी दिसली की परत ढिगात. पँटीचं आसन आतून बघायचं. छाटणीला जीनच्या कापडाचा शर्ट मिळाला तर सोडू नका, काटा अडतो. उन्हातल्या कामाला सुती. आणि घरी आणल्याबरोबर गरम पाण्यात टाकायचं, दिवसभर उन्हात वाळवायचं, मगच अंगाला लावायचं. हे शेवटचं मी सांगत होतो सगळ्यांना. का धुवायचं, तर कुणाचा घाम, कुणाची खरूज, एवढंच डोक्यात होतं.

आता हा माल येतो कुठून? स्वेटर-जर्किनं बरीचशी परदेशातली. कांडला बंदरात जुन्या कपड्यांच्या गाठी उतरतात, तिथं निवड होते. लोकरीचं फाटकं-तुटकं पानिपतला जातं. तिथं ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं होतात. आपण दुकानातून स्वस्त ब्लँकेट आणतो ना, त्यात कुणाकुणाचे कोट असतील देव जाणे. पण शर्ट-पँटी आपल्याच घरातल्या. भांडेवाली येते, शहरात बोहारीण म्हणतात तिला. चार शर्ट, दोन साड्या घेते, एक पातेलं देते, आणि त्या पातेल्यासाठी आमच्या कारभारणीबरोबर तासभर घासाघीस करते. मग तो माल तिच्या घरी निवडला जातो, बटणं लावतात, इस्त्री करतात, आणि आपलाच शर्ट पन्नास रुपयांना बाजारात.

मला पहिल्यांदा वडिलांनी नेलं होतं दहावीला असताना. 1987 साल. परीक्षेला पँट धड नव्हती. मी ढिगापासून लांब, गूळवाल्याच्या आडोशाला उभा. वर्गातलं कुणी बघू नये म्हणून. वडिलांनी पँट उचलली, माझ्या कमरेला लावून बघायला तिथंच हाक मारली, सगळ्या बाजारात ऐकू गेली. पँट चांगली निघाली, पुढं तीन वर्षं वापरली. असो.

आता मूळ गोष्ट.

माझा एक फवारणीचा शर्ट होता. याच ढिगातला, राखाडी, जाड कापडाचा. बोर्डोच्या मोरचुदाचे निळे डाग पडलेले पुढून. एवढ्यावर चाललं असतं. पण यंदा भाद्रपदात बाटलीचं बूच उघडताना औषध उजव्या बाहीवर सांडलं. पाण्यात मिसळलेलं नव्हे, मूळ औषध, लाल त्रिकोणाचं. हात लगेच साबणानं धुतला, तरी संध्याकाळपर्यंत मळमळत होतं. शर्ट काढून मोटारीच्या खोलीत खुंटीला अडकवला. म्हणलं, बघू नंतर.

ते नंतर काही आलं नाही. घट बसायच्या आधी बायकांनी घर धुवायला काढलं, तुम्हाला माहितच आहे. कारभारणीनं मोटारीची खोलीसुद्धा सोडली नाही. जुनं-पानं काढलं त्यात तो शर्टही गेला. एकदा धुतला होता म्हणाली, साबण लावून, भट्टीचे कपडे धुवावेत तसा. "डाग निघाला नाही, पण कापड चांगलं होतं," असं ती म्हणाली. बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा आला.

मला कळलं आठ दिवसांनी, फवारणीला शर्ट शोधायला गेल्यावर.

तिच्यावर ओरडलो. ते चुकलंच. तिला काय माहीत? मी सांगितलंच नव्हतं. मूळ औषध कापडात मुरलं की एका धुण्यात जात नाही, असला कपडा पुन्हा वापरायचा नसतो, हे मला कृषी सहायकांनी शिबिरात सांगितलं होतं. मी ऐकलं, मान हलवली आणि घरी येऊन गप्प बसलो. 2017 ला यवतमाळकडं कापूस फवारताना विषबाधेनं माणसं गेली तेव्हा याच पानावर लांबलचक लिहिलं होतं मी. तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या दिशेनं फवारा. लोकांना सांगायला मी पुढं.

तर रविवारी गेलो. ढीग उपसले. राखाडी शर्ट दिसला की काळजात धस्स व्हायचं. सात-आठ निघाले, आपला नव्हता. मग भांडेवाली सापडली, बाजाराच्या कडेला, लिंबाखाली. तिला म्हणलं, "मावशी, आमच्याकडनं नेलेल्या गठुड्यात निळ्या डागांचा शर्ट होता. तो विकू नका. विषारी औषध सांडलंय त्यावर."

ती जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली. "दादा, दिवसाला वीस घरं करते. डाग असला की आम्ही चिंधीत टाकतो. चिंधी ग्यारेजवाले नेतात किलोवर."

म्हणजे कुणीतरी पोरगं त्यानं हात पुसणार. कदाचित तोंडही.

"आणि निवडायला कोण बसतं?" मी विचारलं.

"आम्हीच की सगळी."

तिच्या मागं गठुडं होतं न सोडलेलं, आणि त्यावर तिचा नातू झोपला होता. दीड-दोन वर्षांचा असेल, तोंड कापडात खुपसून. मी ते गठुडं सोडायला लावलं. ती वैतागली, पण पोराला उचलून सोडलं. नव्हता त्यात. दुसऱ्या गावचा माल होता. मी दोनशे रुपये पुढं केले, तिनं घेतले नाहीत. म्हणाली, "दादा, पुढच्या टायमाला देतानाच सांगा."

तिथनंच तीन फुल बाह्यांचे शर्ट घेतले, दीडशेला. घरी आल्यावर तिन्हींच्या पाठीवर रंगाच्या डब्यातल्या लाल रंगानं मोठी फुली मारली. ते फक्त फवारणीचे. निकामी झाले की कात्रीनं चिरायचे, म्हणजे कुणी घालूच शकणार नाही, आणि भांडेवालीला द्यायचेच नाहीत. कारभारणीला सगळं नीट समजावून सांगितलं या वेळी, बाटलीवरचा त्रिकोण दाखवून. ती म्हणाली, "अहो, मग हे त्या बायकांनापण सांगा की, त्याबी कधी कधी तुमच्या औषधाच्या दिवशीच खुरपायला असतात." तेही खरंच. सोमवारी कामाला आल्या तेव्हा बांधावर बसवून सांगितलं.

डबा अजून फळीवर आहे, कारभारीण त्यात काही भरत नाही.

उद्या सकाळी फवारणी आहे, ढग नसले तर. तुमच्याकडं पाऊस कसाय कळवा.