तबकडीवर हात

आमच्या पांढुर्ण्यात डीजे म्हटलं की माणूस नाही, गाडी डोळ्यासमोर येते. भिंतीएवढे स्पीकर अन् मागे धूळ. म्हणून ग्रँडमास्टर फ्लॅशवर लिहितेय म्हटल्यावर मंडळातल्या एकानं विचारलंच, "गणपतीत वाजवतो तो का?"

हा हातानं वाजवतो. खरं नाव जोसेफ सॅडलर. जन्म १९५८ चा, बार्बाडोसचा. वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. वडिलांच्या रेकॉर्डींना हात लावला की मार बसायचा, तरी लावायचाच. पुढे शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि भंगारातले भाग जोडून स्वतःचं सामान उभं केलं.

त्याची अडचण साधी होती. गाण्यात नाचायला खरी मजा येते ती नुसता ड्रम वाजतो त्या काही सेकंदांत, आणि ते लगेच संपतात. त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एक वाजतेय तोवर दुसरी बोटानं उलटी फिरवून त्याच जागी आणायची. जागा सापडावी म्हणून रेकॉर्डवर क्रेयॉननं खूण करायची. तबकडी सहज सरकावी म्हणून खालच्या फेल्टला स्टार्च. आई शिवणकाम करायची, त्यामुळे ते घरचंच. त्याच्या जोडीदाराचा धाकटा भाऊ थिओडोर. आई ओरडली म्हणून त्यानं चालती रेकॉर्ड हातानं धरली, पुढेमागे हलवली, आणि तो आवाज म्हणजे आजचा 'स्क्रॅच'.

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. त्याच काळात सौंसरला माझे आजोबा, आईचे वडील, लग्नांत लाऊडस्पीकर लावायचे. बैलगाडीत सामान, झाडावर भोंगा. रेकॉर्ड फक्त काठानं धरायची, हा त्यांचा धर्म. 'भोंगेवाल्याची पोरगी' म्हणून आईला चिडवायचे. ती हा विषय अजून टाळते.

दिवाळीत आजोबांना मोबाइलवर फ्लॅशचा व्हिडिओ दाखवला. ते दचकलेच. "काहून वं, रेकॉर्डले असा हात लावते का कोनी? चरा पडते नं!"

खुणेचं अन् दोन प्रतींचं समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा आवाज बंद करायला लावला आणि नुसते हात पाहिले. म्हणाले, "याच्या बोटाले हिशोब हाये."

मग मी पुढचं सांगितलं. १९८१ साली त्यानं तीन टर्नटेबलांवर सात मिनिटांची एक रेकॉर्ड केली, ती पूर्ण त्याच्या हातांची. पण जगभर गाजलं ते १९८२ चं 'द मेसेज'. त्यावर नाव फ्लॅशचं, आणि त्याची टर्नटेबलं त्यात नाहीतच! संगीत स्टुडिओतल्या वादकांचं. मला तरी हे त्याच्या साऱ्या कहाणीत सगळ्यात जास्त लागतं.

"पैसे भेटले का याले?"

रॉयल्टीसाठी १९८३ मध्ये कंपनीविरुद्ध कोर्टात गेला, म्हटलं. २००७ मध्ये त्याचा ग्रुप रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला, हिपहॉपमधला पहिला. २०१९ मध्ये स्वीडनचा पोलर पुरस्कार. पुरस्कारांचं आजोबांनी ऐकून घेतलं, पण मन कोर्टातच अडकलेलं.

"मले एका लग्नात रातभर वाजवून अर्धं पोतं जवारी भेटली होती," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अन् ते बी उधारीत. दोन सालानं."

आजोबा खूश झाले. "तुह्या ध्यानात हाये?"