दाद जेव्हा दाद देत नाही

मुशायऱ्यातली वाहवा म्हणजे दाद, आणि जांघेत, कमरेवर, छातीखाली उठणारा गोल, लालसर, खाजरा चट्टाही उर्दूत दादच. मराठीत त्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतात. आम्ही शिक्षिका एकदा यावर हसलो होतो, की ही दाद औषधाला दाद देत नाही. मग कळले की आमच्यातल्या एका आपांना हे चौदा महिन्यांपासून आहे.

जुहरची नमाज आम्ही स्टाफरूमच्या कोपऱ्यात एकत्र अदा करतो. अत्तहिय्यातला बसताना आपांचा चेहरा बदलायचा. पुढे पुढे त्या ‘घरी जाऊन पढते’ म्हणू लागल्या. फार विचारले तेव्हा बोलल्या. रात्री झोप नाही, अंथरूण वेगळे, आणि डॉक्टरांना दाखवायचे तरी कसे? म्हणून मुलाला पाठवून मेडिकलमधून ट्यूब आणायच्या. लावली की दोन दिवसांत आराम, सोडली की दुपटीने खाज.

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरे आम्ही वाचली. बुरशी मारणारे औषध, जंतू मारणारे औषध आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉल, म्हणजे अतिशय तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबते, पण त्वचेची लढण्याची ताकदही दाबते, त्यामुळे बुरशी आत निवांत पसरते. जांघेतली त्वचा मुळातच नाजूक. ती पातळ होते, चिरांसारखे वळ उठतात, आणि ते वळ जन्मभर राहतात. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने 2018 मध्ये केला. दुकानात मात्र ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढेच पुरते.

दुसरी अडचण खुद्द बुरशीची. तिचा एक चिवट प्रकार आपल्याकडे पसरला आहे. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिले. नावातच हिंदुस्थान! नेहमीच्या टर्बिनाफिन गोळ्यांना तो बरेचदा जुमानत नाही.

हया ईमानाचा भाग आहे हे मुलींना आम्हीच शिकवतो, पण हया म्हणजे दुखणे लपवणे नव्हे. आम्ही दोघी आपांसोबत तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी चट्ट्याची पापुद्र्यासारखी साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, रक्तातली साखर तपासायला सांगितली आणि विचारले, “घरात आणखी कुणाला आहे?”

उपचार कित्येक आठवडे चालला. मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही बोटभर लावायचे, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर सोडायचे नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुवायचे. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस ओलसर राहतात, तेव्हा आतले कपडेसुद्धा इस्त्री करायचे. घट्ट आणि नायलॉनचे कपडे नकोत. इस्तिंजानंतर अंग मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करायचे. साबण किंवा जंतुनाशक द्रवाने घासू नये, त्याने आग वाढते.

खाज म्हणजे दरवेळी दादच असे नाही. रात्री बोटांच्या बेचक्यांतही खाजत असेल तर खरूज असू शकते. पांढरा, दह्यासारखा स्राव असेल तर दुखणे वेगळे, आणि ते पुन्हा पुन्हा होत असेल तर मधुमेह तपासावा. पाळी गेलेल्या बायकांत त्या जागी खाजरे पांढरे चट्टे येतात. तिथे हेच तीव्र स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली खरे औषध ठरते. म्हणूनच एकीची ट्यूब दुसरीने लावायची नाही.

आपांचे शौहर आधी ‘मला काही नाही’ म्हणून यायलाच तयार नव्हते. शेवटी आले, तेव्हा कमरेच्या पट्ट्याखाली दोन चट्टे निघाले. त्यांच्याही गोळ्या सुरू झाल्या. आपांची खाज त्यानंतर उलटली नाही. वळ तेवढे राहिले आहेत.