पलाशच्या इंजिनरूममधला माणूस

मी कोलकात्यात खिदिरपूरला बार्जची कागदपत्रं करते. इथल्या वीजकेंद्रांतली राख भरून बांगलादेशी बार्ज सुंदरबनातून खुलन्याकडे जातात. एकदा सह्या करताना एका बार्जचे मास्टर म्हणाले, "आपा, रूपशा नदीच्या काठी आमच्या रुहुल अमीनची कबर आहे. जाता-येता सलाम करतो." मास्टर नोआखालीचे, रुहुल अमीनही तिथलेच.

रुहुल अमीन १९७१ च्या बांगलादेश युद्धात तिथे लढले होते. मला त्या लढाईतलं एकच नाव ठाऊक होतं : कमांडर मोहन नारायणराव सामंत, महावीर चक्र. मग मी वाचत गेले. १९७१ मध्ये कोलकाता पोर्ट ट्रस्टच्या दोन बोटींवर बोफर्स तोफा चढल्या आणि पद्मा, पलाश या गनबोटी तयार झाल्या. त्यांवर पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली खलाशी होते. घरदार सीमेपलीकडे, स्वतःचं सरकारही इथे कोलकात्यात आसऱ्याला. रुहुल अमीन १९५३ पासून नौदलात. पलाशचं इंजिन त्यांच्या हाती आलं.

डिसेंबरमध्ये सामंतांच्या नेतृत्वाखाली या दोन बोटी आणि आपल्या नौदलाची 'पनवेल' मोंगलामार्गे खुलन्याकडे निघाल्या. १० डिसेंबरला खुलना नजरेच्या टप्प्यात असताना वरून आपलीच नॅट विमानं आली. बोटींवर ओळखीची पिवळी खूण होती, तरी वैमानिकांनी त्यांना शत्रूच्या समजून हल्ला केला. पद्मा पेटली. पलाश सोडण्याचा हुकूम झाला, पण रुहुल अमीन इंजिनापाशीच थांबले. बोट वाचवता येईल असं त्यांना वाटत होतं. अखेर इंजिनरूमवरच मारा झाला. जखमी अवस्थेत ते पोहत काठाला लागले, तिथे पाकिस्तानच्या बाजूच्या रझाकारांनी त्यांना मारलं. सहा दिवसांनी ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं. बांगलादेशाने रुहुल अमीन यांना 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला. तो मिळालेले फक्त सात जण आहेत.

पुढच्या खेपेला मास्टर आले तेव्हा मी त्यांना सामंतांबद्दल सांगितलं. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं आणि वहीत बंगालीत लिहिलं. आता मुंबईहून कुणी नवा सहकारी इथे रुजू झाला की मी त्याला ही दोन्ही नावं एकत्र सांगते. सामंतांचा आपल्याला अभिमान आहेच. पण ज्यांच्या भरवशावर ते त्या नदीत शिरले, त्या परागंदा खलाशांचंही आपण देणं लागतो.