तिथीची पाऊणपट

पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, फार तर पोह्याचे पापड. पेण हे बंदर होतं असं सांगितलं तर आता पेणचीच पोरं हसतात. रामवाडी म्हणजे त्यांच्या लेखी एसटीचं विभागीय कार्यालय, महामार्ग आणि त्यावरची कोंडी. आम्ही मात्र पन्नास-साठच्या दशकात इथे वाढलो. जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड झाला 1981 साली. आमच्या घरांत एसटीच्या वेळापत्रकाच्या आधी भरतीची वेळ विचारली जायची.

ती काढायचा हिशेब तोंडी असे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमी असली तर सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. म्हणजे पाऊणपट. सकाळी एकदा, रात्री एकदा, त्या सुमारास मुंबईच्या बंदरात पूर्ण भरती. तेच पाणी भोगावती नदीतून अंतोऱ्याला यायला आणखी वेळ लागे, तो प्रत्येक घराने आपापल्या अनुभवाने मिळवायचा. पाऊणकी पाठ करायला आम्ही कधी कुरकुरलो नाही, त्याचं कारण शाळेत नव्हतं, घरात होतं.

अंतोरे हे पेणचं बंदर. भोगावती तिथून पुढे धरमतरच्या खाडीला मिळते आणि खाडी रेवस-करंजाच्या मध्ये समुद्राला. या वाटेने भात, तांदूळ, खाडीकाठच्या खारेपाटातलं मीठ, जळाऊ लाकूड, कोळसा, पेंढा मुंबईला जायचा आणि येताना कापड, रॉकेल, लोखंड, कौलं, किराणा यायचा. मुंबईत दाणा बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर अशी नावं आजही आहेत. त्या त्या धक्क्याला आमच्यासारख्यांचे पडाव आणि मचवे लागत. मुंबईची चूल किती वर्षं कोकणच्या लाकडावर पेटली, हे मुंबईकर सहसा आठवत नाहीत. असो.

पडाव म्हणजे उघड्या पोटाची, रुंद, मालाची होडी. डोलकाठी किंचित नाळेकडे कललेली, तिला तिरकं लांब परबाण, त्यावर तिकोनी शीड. घरात पडाव असणं म्हणजे श्रीमंती, असं बाहेरच्यांना वाटे. घरातल्यांना ते दुभत्या पण खोडकर म्हशीसारखं वाटे. कमाई आठ महिन्यांची, सरबराई बारा महिन्यांची. वैशाख सरता सरता, पावसाची चाहूल लागायच्या आत, पडाव उधाणाच्या पाण्याने जमेल तितका वर काठावर घ्यायचा, खाली ओंडके द्यायचे, वर माडाचे झाप टाकायचे. नारळी पुनवेनंतर तो परत पाण्यात उतरवायचा, पण त्याआधीचे पंधरा-वीस दिवस घरादाराचे हाल.

आधी फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस टोकदार हत्याराने उकरून काढायचा. मग तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती छिन्नीने ठोकून सांध्यांत दाबायच्या, वर राळ आणि तेल. हे काम जाणत्या माणसाचं. कापूस कमी दाबला तर पाणी गळतं, जास्त दाबला तर फळी फाकते. पाण्याखालच्या अंगाला चुना आणि चरबीचा जाड लेप, कारण खाऱ्या पाण्यातली कीड सागाचं लाकूडही आतून पोखरते आणि वरून काही कळू देत नाही. पाण्यावरच्या अंगाला मुशीचं तेल. तो वास ज्याने घेतला त्याच्या नाकातून तो कधी जात नाही. काकू म्हणायची, घरात सून आणायची तर नारळी पुनवेआधी दाखवायला आणू नका, वासानेच पळून जाईल. शीड शिवायला मात्र त्याच सुना बसत. ओटीवर जाडंभरडं कापड पसरलेलं, दाभण आणि मेण लावलेला दोरा. पडावाच्या कमाईच्या हिशेबात बायकांच्या या कामाचा वाटा कधी धरला गेला नाही, हे आज लिहून ठेवायला हवं. होडी चालवणाऱ्या तांडेलाचा वाटा होता, खलाशांचा होता, खुद्द होडीचाही वेगळा वाटा होता.

भरलेला पडाव अंतोऱ्याहून निघायचा तो उधाणाला, म्हणजे पुनव-अवसेच्या मागेपुढे. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं, उथळ पाणी त्याच्या पोटाला पुरत नसे. रात्री भरती पूर्ण झाली की दोर सोडायचा. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर ओढत न्यायचं आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटायचा, तो शिडात घ्यायचा. उजाडता उजाडता रेवस-करंजाचं तोंड गाठलं की ओहोटी संपलेली आणि भरती लागलेली. तीच भरती मग उत्तरेला, मुंबईच्या धक्क्याकडे ढकलायची. एकाच खेपेत ओहोटी बाहेर काढते आणि भरती पोचवते, दोन्ही आपल्याच कामाला. दुपारी समुद्राकडून खारा वारा येई, परतीची होडी तो धरून खाडीत शिरे. इंजिनं आल्यावर हे शहाणपण एका पिढीत विसरलं गेलं. डिझेल असलं की तिथी कशाला बघायची?

सगळं असं सुरळीत जाई असं नाही. खाडीच्या वळणावर वारा फिरला की शीड एकदम उलटं भरे. दामण, म्हणजे शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर, वेळेवर सैल सोडला नाही तर होडी कलंडलीच. वारा पडला तर वल्ही, वल्ही पुरली नाहीत तर लांब बांबू. आणि पाणी चुकलं की चिखल. चिखलात बसलेला पडाव पुढच्या भरतीशिवाय हलत नाही, मग मातीच्या चुलीवर भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. घरी वाट बघणाऱ्यांना कळायचा काही मार्ग नसे. आजी ओटीवरून ओरडून विचारायची, "पानी आयलंय का रं?" आणि आम्ही पोरं खाडीकडे धावत सुटायचो.

भीतीही होती. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अवसेच्या तोंडावरचा तो दिवस, बरीच माणसं सणाला घरी निघालेली. आमचा जन्म त्यानंतरचा, पण खारेपाटातल्या किती घरांत त्या दिवसाचं नाव काढलं की आवाज खाली येई, ते आम्ही ऐकत वाढलो. तरीही पडाव थांबले नाहीत. त्यांना थांबवलं ते रस्त्याने. मालाच्या मोटारी आल्या, सत्तरच्या दशकात वाशीचा खाडीपूल झाला, 1986 ला रेल्वे रोह्यापर्यंत पोचली. खाडी गाळाने उथळ होत गेली आणि शिडाचे पडाव एकेक करून काठावर कुजले. काहींची लाकडं घराच्या वाशांना गेली, काहींची चुलीत. आमच्याकडची चुलीत गेली. त्याचं कोणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण मुलांना नोकऱ्या लागल्या होत्या.

इंग्लंडात कालव्यांवर मालाच्या लांबट होड्या चालत, जेमतेम सात फूट रुंद. त्यांचाही धंदा रस्त्याने आणि रेल्वेने खाल्ला. पण तिथे 1944 मध्ये टॉम रोल्ट यांनी 'नॅरो बोट' हे पुस्तक लिहिलं, 1946 मध्ये कालवे वाचवणारी संस्था उभी राहिली, आणि आज साधी नोकरदार माणसं जुन्या मालवाहू होड्या विकत घेऊन, डागडुजी करून चालवतात. आपल्याकडे होडी म्हणजे धंदा. धंदा संपला की होडी संपली. हा व्यवहार मला कळतो, पटत मात्र नाही.

2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यांत धरमतरच्या खाडीला येणारी अंबा नदी हा दहावा, 45 किलोमीटरचा, आणि रोह्याची कुंडलिका रेवदंडा खाडीसह पंच्याऐंशीवा. धरमतरला आज मोठ्या बार्जांतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल उतरतो. म्हणजे खाडी मेलेली नाही, तिच्यावर शीड तेवढं उरलेलं नाही. एक पडाव जुन्या पद्धतीने बांधून अंतोऱ्याला ठेवणं कोणत्याही नगरपालिकेला किंवा कारखान्याला अवघड नाही. पण त्याआधी घरोघरचं काम आहे. तुमच्या माळ्यावर शिडाची कप्पी, नांगर, तांडेलाची वही, बंदराच्या पावत्या पडल्या असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. घरात ऐंशी-नव्वदीचे तांडेल असतील तर त्यांच्याजवळ बसा, होडीच्या प्रत्येक भागाचं नाव आणि खाडीच्या प्रत्येक वळणाचं नाव लिहून घ्या. या पावसाळ्यातच घ्या.