तीन वर्षं आहेत म्हणालो

2012 साली नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं मला काढलं. बडतर्फीचं पत्र रजिस्टर पोस्टानं आलं, ते मी घेतलंच नाही. पत्र हातात नाही म्हणजे मुदत सुरू नाही, असं गावातल्या जाणत्यांचं म्हणणं. पोस्टमननं पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि ते परत गेलं. बरोबर पत्त्यावर आलेलं रजिस्टर नाकारलं तर ते मिळालंच असं कोर्ट धरतं, हे मला वकिलाच्या टेबलासमोर कळलं. त्यात मॅनेजर भेटला की म्हणायचा, "थांब जरा, ऑर्डरी वाढू दे, घेऊ परत." मी थांबलो. यूएलपी, म्हणजे 1971 च्या कायद्याखालची अनुचित कामगार प्रथेची तक्रार, 90 दिवसांत टाकायची असते. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट ती नंतरही घेऊ शकतं. पण मॅनेजरच्या तोंडच्या बोलण्याला कागद कुठून आणणार?

मग 1947 चा औद्योगिक विवाद कायदा उरला. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, 45 दिवसांत काही झालं नाही तर थेट कामगार न्यायालय, आणि हे काढल्यापासून 3 वर्षांच्या आत. त्यात मी बसलो, आणि तेच डोक्यात चढलं. "आयडी ॲक्टला मुदतच नसते" म्हणणारे जुने युनियनवाले अजून होते. सप्टेंबर 2010 च्या दुरुस्तीआधी कायद्यात ही मुदत नव्हतीच, पण नंतरचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला तीन वर्षांचा आकडा ठाऊक, म्हणून मी हुशार. येईल त्याला तो सांगत सुटलो.

पाथर्डीकडच्या एका खासगी शाळेतल्या मॅडम आल्या. काढल्याचा आदेश मिळून महिनाही झाला नव्हता. "भाऊ, घाई करावी लागेल का?"

"तीन वर्षं आहेत, मॅडम. आधी संस्थाचालकांशी बोलून बघा."

त्या बोलत राहिल्या. पावसाळा सरल्यावर वकिलानं फाइल उघडली. आदेशाच्या प्रतीवर मॅडमच्याच अक्षरात 'मिळाले', सही, तारीख. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याचा 'कामगार' नाही, असं गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1988 सालीच ठरवलंय. खासगी शाळांच्या शिक्षकांसाठी 1977 चा वेगळा कायदा, वेगळं न्यायाधिकरण आणि अपिलाला आदेश मिळाल्यापासून फक्त 30 दिवस.

विलंब माफीचा अर्ज करायचा ठरला. सल्ला चुकीचा मिळाला एवढंच कारण, तेव्हा सल्ला देणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवं. काही दिवस मी वकिलांचा फोन उचलला नाही. युनियनमधली पत जाईल ही भीती. मॅडमचा बंद पडलेला पगार त्यानंतर आठवायचा. शेवटी सही केली. "हे गृहस्थ वकील आहेत का?" असं समोरच्या वकिलानं विचारलं, तेव्हा हसणारे हसले. विलंब माफ झाला, अपील दाखल झालं.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या 1947 च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, आणि तिच्यात तीनाची दोन वर्षं झालीत. हे वाचूनही सुप्याच्या एका पोराला मी सवयीनं तीनच सांगितली. रात्री लक्षात आलं. लगेच फोन लावून चूक सांगितली, आणि आदेश घेऊन उद्याच वकिलाकडे जा म्हणालो.